नेमके ४० अंश कोणत्या गटात?

सोलापूरच्या मे महिन्यातल्या तापमानाचे गट पाडताना हा घोळ हमखास होतो. समजा, नमपाय या पायथनमधल्या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या डिजिटाइझला, म्हणजे आकडा कितव्या गटात पडतो ते सांगणाऱ्या फंक्शनला, सीमा दिल्या ३६, ४०, ४४. नेमकं ४० आलं तर ते वरच्या गटात जातं, कारण डावी कड आत, उजवी बाहेर. (पांडास या पायथनच्याच दुसऱ्या लायब्ररीतल्या कट फंक्शनचं बरोबर उलटं. तिथे ३६ कुठल्याच गटात बसत नाही, ‘इन्क्लूड लोएस्ट’ चालू करावं लागतं.)

खरी गोची टोकांना. ३५.८ ला उत्तर येतं ०. पायथनची यादी ० पासून मोजली जाते, म्हणून आपण सवयीने १ वजा करून दोन गटांच्या नावांच्या यादीत बघतो. उणे १ म्हणजे यादीतलं शेवटचं नाव, आणि त्यातल्या त्यात गार दिवसावर ‘भट्टी’ असा शिक्का! एररसुद्धा नाही. ४४ ला निदान एरर तरी येते.

म्हणून मी वजाबाकीच सोडली. तीन सीमा, चार नावं, आलेला क्रमांक थेट वापरायचा. मात्र रिकाम्या नोंदी, म्हणजे नॅन, आधी इझनॅनने बाजूला काढा. नाहीतर त्या गुपचूप सगळ्यात तापलेल्या गटात जाऊन बसतात.