जागा बदलत स्टील प्लेटवर नेम: सराव कसा करावा

पिस्तूल नेमबाजीच्या या खेळात जमिनीवर आखलेल्या एका चौकटीतून दोन पोलादी प्लेट पाडायच्या, पुढच्या चौकटीत जायचं, तिथून उरलेल्या पाडायच्या. एवढं सांगितलं की नवा नेमबाज आधी पाय पळवायला लागतो. प्रत्येक गोळीच्या आवाजावर वेळ नोंदवणारा टायमर मात्र दुसरंच सांगतो. चार-पाच पावलांच्या अंतरात जीव तोडून पळालात तरी फार थोडा वेळ वाचतो. खरा वेळ जातो पहिल्या जागेवर रेंगाळण्यात आणि दुसऱ्या जागेवर पोहोचल्यावर पिस्तूल उचलत बसण्यात. म्हणून निघणं आणि पोहोचणं वेगवेगळं घोटून घ्या. पळणं त्यानंतर बघू.

हा सराव रेंजवरच आणि रेंज ऑफिसरच्या देखरेखीखाली करायचा. एका जागी उभं राहून पिस्तूल काढणं, नेम धरणं आणि मॅगझिन बदलणं पक्कं झालेलं नसेल, तर आधी ते पूर्ण करा.

आधी प्लेट तपासा. प्लेट एआर५०० सारख्या कठीण पोलादाची हवी. साध्या लोखंडावर खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यात लागलेल्या गोळीचे तुकडे सरळ आपल्याकडे फिरू शकतात. तळहात फिरवून बघा. खड्डा किंवा उचललेली कड हाताला लागली, तर ती प्लेट बाजूला काढा. प्लेटचा चेहरा थोडा खाली झुकलेला ठेवला की तुकडे जमिनीकडे जातात. आयपीएससी या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत स्टीलपासून किमान ७ मीटर अंतर सांगितलं आहे. सरावात मी १० मीटरच्या आत येऊ देत नाही, कारण चालण्याच्या भरात माणूस नकळत पुढे सरकतो. १० मीटरवर चुन्याची रेघ मारून ठेवा. पोलादी गाभ्याच्या गोळ्या अजिबात वापरायच्या नाहीत. ही पिस्तुलाची गोष्ट झाली. रायफलसाठी अंतर बरंच जास्त लागतं. चष्मा आणि कानाचं संरक्षण मागे उभ्या असलेल्या माणसालाही हवंच.

पहिली पायरी: रिकाम्या पिस्तुलाने. चेंबर (नळीमागची काडतूस बसण्याची जागा) आणि मॅगझिन दोनदा तपासा. सरावाच्या खोलीत एकही काडतूस नको, आणि नेम धराल ती भिंत सुरक्षित हवी. सुतळीने जमिनीवर दोन चौकटी आखा, मधे तीन मीटर अंतर. एका चौकटीतून दुसरीत फक्त चालत जा. दोनच गोष्टींवर लक्ष ठेवा. पाय हलला की बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) बाहेर गेलेलं असावं, आणि शरीर बाजूला वळलं तरी नळीचं तोंड लक्ष्यांच्या दिशेलाच राहावं. दुसरी गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. खांदे वळले की हातही त्यांच्यामागे वळू पाहतात, मॅगझिन बदलताना तर हमखास. डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा करा आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा.

दुसरी पायरी: निघणं. रेंजवर एकच प्लेट. पहिल्या चौकटीतून एक गोळी मारायची आणि लगेच बाहेर पडायचं. दुसऱ्या चौकटीत काही करायचं नाही.

इथे जवळजवळ सगळे अडकतात. गोळी सुटते, आणि माणूस ‘टण्ण’ ऐकायला थांबतो. आवाज कानावर येईपर्यंत आणि डोक्यात ‘लागली’ असं पक्कं होऊन पाय उचलेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास जातो. चार जागांच्या स्टेजमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या एका मांडणीत, तीनदा निघावं लागतं, करा हिशेब. आवाजाची वाट बघायची नसेल तर गोळी डोळ्यांनी ओळखावी लागते. धक्क्याने फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेमखूण) वर उचलली, त्या क्षणी ती नेमकी कुठे होती? प्लेटच्या मध्यावर होती तर गोळी तिथेच गेली. प्लेटला पांढरा रंग मारा, एक गोळी मारा, आणि बघायच्या आधी बोलून टाका: ‘मध्यावर’, ‘डावीकडे खाली’. मग प्लेटवरचा करडा डाग बघा. बोललेलं आणि डाग दहापैकी आठदा जुळायला लागले, की पाय आपोआप लवकर सुटतील. तोवर वेग वाढवू नका.

शेवटची प्लेट मारता मारता वजन हळूच निघायच्या उलट पायावर घ्या, म्हणजे त्याच पायाने जमीन ढकलून सुटता येतं. निघण्यापूर्वीची शेवटची प्लेट मोठी किंवा जवळची निवडा.

तिसरी पायरी: पोहोचणं. शेवटची दोन पावलं छोटी टाका, गुडघे वाकवा आणि पिस्तूल तेव्हाच डोळ्यांसमोर आणा. पाय चौकटीत टेकतो तेव्हा साइट प्लेटवर आलेली असली पाहिजे. ताठ पायांनी थांबलात तर साइट दोनदा उसळते आणि ती बसेपर्यंत थांबावं लागतं. बोट ट्रिगरवर जाईल ते साइट प्लेटवर आल्यावरच.

चौथी पायरी: दोन्ही जोडा. प्रत्येक चौकटीतून दोन प्लेट. टायमरवर एकूण वेळ नका बघू. दुसरी आणि तिसरी गोळी यांमधला वेळ बघा, कारण तोच जागा बदलण्याचा वेळ. गोळी चुकली तर ती धाव, म्हणजे तो पूर्ण प्रयत्न, मोजू नका.

चालता चालता गोळी झाडणं त्यानंतरच, तेही मोठ्या प्लेटवर: टाच आधी टेकवून, गुडघे मऊ ठेवून. अंतर कमी होत जातं, म्हणून चुन्याची रेघ इथे सर्वांत महत्त्वाची.

तयारी तपासायला स्टील चॅलेंज या स्टील प्लेटवरच्या वेगवान नेमबाजीच्या स्पर्धेतली ‘आउटर लिमिट्स’ ही स्टेज उत्तम. त्या खेळाच्या ८ स्टेजपैकी जागा बदलावी लागते ती हीच: ५ प्लेट, पहिल्या दोन एका चौकटीतून, बाकीच्या दुसरीतून, आणि शेवट स्टॉप प्लेटवर, म्हणजे जिच्यावर वेळ थांबते त्या प्लेटवर. ४ धावा होतात, सर्वांत संथ धाव वगळतात. सरावात मात्र ती वगळलेली धावही वहीत लिहून ठेवा, आणि उशीर निघताना झाला की पोहोचताना, तेही शेजारी लिहा. पुढच्या वेळी त्याच पायरीपासून सुरुवात करायची.