पाण्यावरचा वेग: लॉगर बांधण्याआधी आणि फाइल गाळण्याआधी

विंडसर्फिंगमध्ये वेग मोजायला अंगावर जीपीएस लॉगर, म्हणजे ठिकाण आणि वेग नोंदवणारं छोटं यंत्र, बांधतात. त्याचं चार्जिंग, पट्टा, वॉटरप्रूफ पिशवी हे कुणाला सांगायला नको. मूळ फाइलबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण गेल्या मोसमात नेमकी तीच माझ्या हातून गेली. मोबाइलवर तिची जीपीएक्स (सगळीकडे उघडणारी, ठिकाणांच्या नोंदींची साधी फाइल) करून घेतली, लॉगरचं कार्ड पुसलं, आणि रात्री चुका गाळायला बसल्यावर कळलं की गाळायला जे लागतं ते त्या फाइलीत नाहीच. तेव्हा सर्वांत आधी मूळ फाइल. लॉगरप्रमाणे तिचा प्रकार यूबीएक्स असो, एसबीपी असो, ओएओ असो. लॉगरने जशी लिहिली तशीच.

कारण नीट समजून घ्या. जीपीएसचा वेग दोन वाटांनी मिळतो. एक वाट ठिकाणांची: या क्षणी इथे, पुढच्या क्षणी तिथे, अंतर भागिले वेळ. दुसरी डॉप्लरची: उपग्रहाची लहर 1575.42 मेगाहर्ट्झवर येते, तिची लांबी साधारण 19 सेंटिमीटर, त्यामुळे उपग्रहाच्या दिशेने आपला वेग सेकंदाला 1 मीटरने बदलला की वारंवारता सव्वापाच हर्ट्झने सरकते. चिप ते सरकणं थेट मोजते. आता पहिल्या वाटेचा हिशोब करा. सेकंदाला 5 नोंदी, वेग 30 नॉट (तासाला सुमारे 55 किलोमीटर). दोन नोंदींमध्ये बोर्ड जेमतेम 3.1 मीटर पुढे जातो. तेवढ्यात ठिकाण 1 मीटरने चुकलं तर वेगात 5 मीटर प्रति सेकंदाची, म्हणजे पावणेदहा नॉटची चूक! चांगल्या चिपचा डॉप्लर वेग मोकळ्या आकाशाखाली नॉटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहतो. आणि जीपीएक्सच्या 1.1 आवृत्तीत वेगासाठी ठरलेली जागाच नाही. कुणी तो फाइलीला जोडलेल्या जादा रकान्यात लिहितं, कुणी नाही. ज्याने नाही लिहिलं त्याची फाइल उघडली की सॉफ्टवेअर मुकाट्याने ठिकाणांवरून वेग काढतं, आणि आकडा छान दिसतो. मूळ फाइल ठेवा.

निघायच्या आदल्या दिवशी घराबाहेर पाच मिनिटं चालून या आणि ती फाइल उघडून बघा. डॉप्लर वेगाचा रकाना आहे का? उपग्रहांची संख्या? आणि वेगाच्या चुकीचा अंदाज, जो यू-ब्लॉक्स चिप एसअ‍ॅक नावाने प्रत्येक नोंदीसोबत देते? हा शेवटचा रकाना नसेल तर लॉगरच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, तो नंतर कुठूनही आणता येत नाही. तिथेच चिपचा मोड बघून घ्या. यू-ब्लॉक्समध्ये ‘सी’, म्हणजे समुद्र, नावाचा मोड आहे, समुद्रावर जायचं म्हणून लोक हौसेने तोच लावतात. तो वेगाची कमाल 25 मीटर प्रति सेकंद धरून चालतो, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस नॉट. फ्रेंच विंडसर्फर आंत्वान आल्बोने 2015 मध्ये नामिबियातल्या ल्यूडेरिट्झला वेगासाठी खणलेल्या चरात 53.27 नॉट काढले होते. आपण तिथवर पोचू न पोचू, पण मोजायच्या यंत्राने आधीच मर्यादा का घालून घ्यावी? ‘पोर्टेबल’ ठेवा.

लॉगर मनगटावर नको. पंपिंग करताना (शीड हलवून वेग घेताना), बूम (शीड धरायचा दांडा) ओढताना हाताची हालचाल वेगात मिसळते, आणि पडल्यावर पहिलं पाण्याखाली जातं ते मनगटच. दंडावर बांधा किंवा हेल्मेटवर बसवा, अँटेना आकाशाकडे. पाण्याचा पातळ थरही संदेश अडवतो. उपग्रहांचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात, म्हणून शीड जोडायला घेतानाच लॉगर चालू करून वाळूवर उघड्यावर ठेवा. गाडीच्या टपाखाली नाही. जमलं तर दोन लॉगर, दोन दंडांवर.

परत आल्यावर कपडे बदलण्याआधी मूळ फाइल उतरवा. एक प्रत लॅपटॉपवर, एक दुसरीकडे. दोन्ही प्रती उघडून बघा, मगच कार्डाला हात लावा. ‘जीपीएक्स घेतलीय की’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आता गाळणं. इथे भलेभले एक गोष्ट विसरतात: आपण सरासरी काढत नसतो, हजारो नोंदींतली सर्वांत मोठी निवडत असतो. त्यामुळे चुका एकमेकींना खोडत नाहीत. वरच्या बाजूची चूकच नेमकी निवडली जाते. दोन सेकंदांच्या सर्वोच्च वेगाच्या आकड्यात तर हे फारच. आल्बोचा आधीचा विक्रम 2012 सालचा, 52.05 नॉटचा. आखलेल्या 500 मीटरवर त्याच्यापुढचे 1.22 नॉट काढायला तीन वर्षं गेली, आणि एक ओली अँटेना तेवढे पाव सेकंदात देते.

उदाहरण बघा. सेकंदाला 5 नोंदी, ओळीने 28.4, 28.9, 41.7, 29.1. मधली उडी 0.2 सेकंदात 12.8 नॉटची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सव्वातीन पटीहून जास्त त्वरण. वाऱ्याच्या झोताने असं होत नाही. पण फक्त 41.7 काढून थांबू नका. ज्या कारणाने ती आली, त्याच कारणाने आजूबाजूच्याही बिघडलेल्या असतात, फक्त कमी, म्हणून डोळ्यांत भरत नाहीत. एसअ‍ॅक बघा, तो टोकाच्या आधीच चढू लागलेला आणि नंतरही काही वेळ उतरत असलेला दिसेल. तो सगळा पट्टा काढा. ‘40 च्या वरचं सगळं उडवा’ ही गाळणी तर अगदीच चुकीची: ती खरा वेग उडवते आणि 29 च्या दिवशी आलेला खोटा 31 तसाच राहू देते. वेगावर गाळू नका, वेगाच्या चुकीच्या अंदाजावर, त्वरणावर आणि उपग्रहांच्या संख्येवर गाळा. पाचाहून कमी उपग्रह असलेली नोंद मी ठेवत नाही.

मर्यादा आकडा बघण्याआधी ठरवा आणि पूर्ण दिवसाच्या फाइलीला एकच लावा. आवडत्या फेरीसाठी सैल, बाकीच्यांना कडक, असं नाही. काढलेल्या नोंदींच्या जागी अंदाजे रेषा ओढून भरू नका. मध्ये खंड पडला तर ती 10 सेकंदांची फेरी बाद, कितीही जिवावर आलं तरी. गुळगुळीत करणाऱ्या सेटिंग बंद. हे सगळं प्रतीवर करा. मूळ फाइल तशीच राहिली पाहिजे.

दोन लॉगर असतील तर आधी घड्याळं जुळवा. 2017 पासून जीपीएसची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) 18 सेकंद पुढे आहे, एक लॉगर एक वेळ लिहितो, दुसरा दुसरी. जुन्या चिपवर तारीख 1024 आठवडे मागे दिसली तर ते 2019 मध्ये जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा भरून पुन्हा शून्यावर आल्यामुळे. वेग ठीक असतो. दोघांच्या 10 सेकंदांच्या आकड्यांतला फरक दोघांच्या एसअ‍ॅकहून मोठा निघाला तर मोठा आकडा उचलू नका, कारण शोधा.

अल्फामध्ये, म्हणजे मध्ये वळण घेऊन सुरुवातीच्या 50 मीटरच्या आत परत येण्याच्या 500 मीटरपर्यंतच्या फेरीत, ही 50 मीटरची अट ठिकाणावर तपासली जाते, तेव्हा तिथे ठिकाणाचीही गुणवत्ता बघा. तासाच्या सरासरीला एवढं सगळं लागत नाही, खंड तेवढे तपासा. आकडा देताना वेगाच्या चुकीचा अंदाज (एसअ‍ॅक) सोबत लिहा, कोणता लॉगर आणि कुठे बांधला होता तेही, आणि कुणी मागितली तर पाठवायला मूळ फाइल.