नळाचा दिवस, कामाची पाळी आणि तान्हं बाळ

नोकरी सांभाळून घर कसं चालवायचं, याची वेळापत्रकं बहुधा सोमवार ते शनिवार अशी आखलेली असतात. सोलापुरात ती टिकत नाहीत. इथल्या अनेक भागांत नळ रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी पिण्याचं पाणी, टाकी, धुणं, फरशी सगळं त्याच वेळात उरकावं लागतं. कामाची पाळी सकाळी सातची आणि नळ पहाटे पाचला, अशी गाठ पडली की कितीही चपळ बाई असली तरी डबा तरी राहतो, नाहीतर बाळाचं दूध तरी. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधी नळाचे दिवस मांडा. मग त्यांच्याभोवती स्वयंपाक, दळण, बाजार बसवा.

नळाच्या दिवशी काय करायचं आणि काय नाही

त्या दिवशी भाकरी थापू नका, वाटण-कुटण काढू नका. एका कुकरची खिचडी, किंवा कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. सोलापूरची कडक भाकरी ही सणावाराची किंवा पाहुण्यांची चीज नाही, ती अडीनडीचीच शिदोरी आहे. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ती बरेच दिवस टिकते, फक्त दमट हात लागता कामा नये. बचत गटाकडून पंधरा-वीस आणून ठेवली की महिन्यातल्या वाईट सकाळी निभावून जातात.

पाणी भरण्याचा क्रम ठरलेला हवा. नळ सुरू झाल्यावर पहिलं गढूळ पाणी संडासच्या पिंपात जाऊ द्या. पाणी स्वच्छ दिसायला लागलं की आधी पिण्याचं भरा, मग मोठी टाकी, धुणं सर्वांत शेवटी. आधी धुणं काढलं की दाब कमी होईपर्यंत पिण्याचं राहून जातं आणि मग जार विकत आणावा लागतो. पाच माणसांच्या घरात पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ ते ३० लिटर धरा आणि सगळं मिळून माणशी साधारण ७० लिटर. नळ चार दिवसांनी येत असेल तर १४०० लिटरची साठवण लागते. तेवढी नसेल तर बाळाचे लंगोट आणि दुपटी सोडून बाकीचं धुणं पुढच्या नळावर ढकला.

साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तशीच राहतात. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासा आणि कोरडं होऊ द्या. हे दर नळाला जमत नसेल तर निदान सात दिवसांच्या आत जमवाच, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हे पूर्ण काम घरातल्या एका दुसऱ्या मोठ्या माणसाचं असावं: नवरा, दीर, सासरे, कोणीही. 'तू सांग, मी करतो' या बोलीवर ते देऊ नका. नळ कधी येणार हे शेजारी विचारणं, गजर लावणं, पाइप जोडणं, भांडी घासून भरणं, मोटार बंद करणं, पिंप कोरडं करणं, हे सगळं त्याच्याकडे. अर्धं काम दिलं की डोक्यातला अर्धा भार तुमच्याकडेच राहतो, आणि बाळ पाजताना कान नळाकडे लागतात. २०१९ च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीत आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्या कामाची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषाची ९७. हे अंतर बाईच्या हातांचा वेग वाढवून कमी होत नाही, काम दुसऱ्याकडे गेलं तरच होतं. दळण, बाजार, वीजबिल, मोठ्या मुलाची शाळेची तयारी यांतलं निदान एक काम असंच मुळासकट द्या. पहिले काही आठवडे ते तुमच्या पद्धतीने होणार नाही. मागून जाऊन दुरुस्त करू नका, नाहीतर ते काम फिरून तुमच्या पदरात येतं.

रजेचा हिशेब आधी करा

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं असताना तिसऱ्यासाठी रजा १२ आठवड्यांची. पगारातून कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कापला जात असेल तर रजेचे पैसे मालकाऐवजी विमा महामंडळाकडून येतात, त्यासाठी आधी कागद भरावे लागतात.

आठ आठवडे आधीच वापरले तर बाळाच्या वाट्याला १८ आठवडे, म्हणजे चार महिने उरतात. दोनच वापरले तर साडेपाच. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध द्यायचं असतं, त्यामुळे तब्येत साथ देत असेल आणि डॉक्टरांची ना नसेल तर आधीची रजा वाचवलेली बरी. बाळाच्या ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लशी या रजेतच होऊन जातात. पुढची मोठी खेप नवव्या महिन्यात येते. त्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाचीही सुट्टी आत्ताच सांगून ठेवा, लशीचा ताप बहुधा रात्री चढतो.

रुजू झाल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दूध पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या कायद्याने मिळतात. ५० किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोयही मालकाने करायची आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या किंवा गारमेंटच्या कारखान्यात या सुट्ट्या आपणहून कोणी देईलच असं धरून चालू नका. रुजू होण्याआधी अर्ज लिहून द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलणं मुकादम बदलला की संपतं.

दूध काढून ठेवणं

सवय रुजू होण्याच्या पंधरा दिवस आधी सुरू करा. हात साबणाने धुवा, छातीवर कोमट ओला फडका दोन-तीन मिनिटं ठेवा. अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्रापासून साधारण तीन सेंटीमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा, पुन्हा दाबा. बोटं कातडीवरून घसरवू नका, सोलवटतं. दोन्ही बाजू आलटून पालटून २० ते ३० मिनिटं लागतात. पहिल्या दिवसांत दोन-चार चमचेच निघतात, त्यावरून दूध कमी आहे असं ठरवू नका. रोज त्याच वेळी काढत राहिलं की वाढतं.

बाळाला आईपासून दूर राहण्याच्या दर तासाला साधारण ३० ते ४५ मिली दूध लागतं. जाण्यायेण्यासह नऊ तास बाहेर असाल तर २७० ते ४०० मिली. कुंभारीच्या गोदुताई परुळेकर वसाहतीतून किंवा रे नगरातून शहरात कामाला येत असाल तर रिक्षा भरेपर्यंत थांबण्याचा वेळही यात धरा. एकाच मोठ्या भांड्यात ठेवण्यापेक्षा उकळून घेतलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत ६०-६० मिली ठेवा. बाळाचं उष्टं दूध पुढच्या वेळेला ठेवता येत नाही, आणि मेहनतीने काढलेलं दूध फेकताना जीव तुटतो.

२५ अंशांपर्यंतच्या खोलीत काढलेलं दूध चार तास चालतं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ते बाहेर ठेवूच नका. फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं असं सांगतात, पण वीज जाते-येते त्या घरात २४ तासांत संपवा आणि दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवा. कामावर काढलेलं दूध बर्फाच्या पिशवीसोबत जाड डबापिशवीत घरी आणा. गरम करायला डबा कोमट पाण्यात धरा. गॅसवर ठेवायचा नाही.

पाजायचं वाटी-चमच्याने, बाळाला अर्धवट बसतं धरून. बाटलीच्या बुचात दूध अडकून राहतं आणि उन्हाळ्यात तिथूनच जुलाब सुरू होतात. आई समोर असली की बाळ चमचा घेत नाही, तेव्हा सुरुवातीला आजीने पाजावं आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत थांबावं. आजीशी एक गोष्ट मात्र प्रेमाने पण ठामपणे बोलून घ्या: सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी, गुटी, मध काही नाही, सोलापूरच्या उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं. तहान तुम्हाला लागते, तेव्हा तांब्या तुमच्या उशाशी हवा.

कामावर दर तीन तासांनी दूध काढलं नाही तर छाती दगडासारखी होते, गाठी येतात आणि दूध आटायला लागतं. गाठीसोबत ताप आणि लाल चट्टा आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाजणं थांबवू नका.

घरीच काम असेल तर

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या आयांचा प्रश्न वेगळा आहे. बाळ जवळच असतं, पण तंबाखूही जवळच असतो. कामाचे दोन भाग पाडा. पान भिजवणं आणि कापणं यात तंबाखू नाही, ते बाळ जागं असताना त्याच्यापासून हातभर लांब, कात्री सांभाळून करता येतं. तंबाखू भरणं, वळणं आणि कट्टे बांधणं फक्त बाळ दुसऱ्या खोलीत झोपलेलं असताना. एकच खोली असेल तर दारात किंवा ओट्यावर, वारा घरातून बाहेर जाईल अशा बाजूला बसा. पाजायच्या आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवा आणि कामाची साडी किंवा वरचा झगा बदला. तंबाखूचं सूप रात्री झाकून उंचावर ठेवा. रांगणाऱ्या मुलाने तंबाखू तोंडात घातला आणि त्याला लाळ, ओकारी, घाम सुटला तर घरी ओकारी काढायच्या भानगडीत न पडता थेट सिव्हिलला न्या. मिसरी लावत असाल तर या काळात सोडाच, तिच्यातला निकोटिन दुधातून बाळाला जातो.

दर हजार विड्यांवर मजुरी असली की हात थांबवणं जिवावर येतं. तरी पाळणा हलवत वळलेल्या विड्यांत छाट, म्हणजे नापास विड्या, जास्त निघते. बाळाच्या दोन झोपा धरून सलग दीड-दीड तास बसलं तर तेवढंच काम कमी वेळात होतं.

स्वयंपाक आणि बाळाचं खाणं

एक भाकरी साधारण ७५ ग्रॅम पिठाची धरली तर रोज दहा भाकऱ्यांना आठवड्याला सव्वापाच किलो ज्वारी लागते. वेळ वाचवायला महिन्याचं दळण एकदम आणू नका. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना फाटते आणि पीठ कडवटही होतं. सात-आठ दिवसांचंच दळा. विरी गेलेलं पीठ हाती आलंच तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा.

संध्याकाळच्या आमटीला येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्यांचं पीठ, डब्यात तयार हवा. चार वाट्या पाण्याला दोन मोठे चमचे, आधी गार पाण्यात कालवून मगच फोडणीत ओता, नाहीतर गुठळ्या होतात. दहा-बारा मिनिटांत आमटी उकळते. शेंगाची चटणी मिक्सरमध्ये करत असाल तर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवली की तापून लगदा होतो. अख्खे शेंगदाणे लहान मुलांच्या हाती देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात.

सहा महिन्यांनंतर बाळासाठी दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ धुऊन, सुकवून, भाजून दळून ठेवा. दोन मोठे चमचे पीठ एक कप पाण्यात दहा मिनिटं शिजवा, वरून अर्धा चमचा तूप. चमचा तिरका केला की ओघळून पडेल इतकं पातळ नको. पातळ पेजेने पोट भरतं, अंग भरत नाही. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून दिवसातून दोन-तीनदा अर्ध्या वाटीपर्यंत न्या. नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा. मीठ-साखर वर्षभर नको. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरपोच आहार मिळतो, तो हक्काने घ्या. तीन वर्षांनंतर मूल अंगणवाडीत बसू शकतं, पण तिची वेळ तुमच्या पाळीपेक्षा छोटी असते. उरलेल्या तासांचं माणूस आधी ठरवा.

घडी विस्कटते ते दिवस

मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते आणि मोठं मूल दुपारी घरी येतं. हा बदल दरवर्षी येतो, तरी दरवर्षी ऐनवेळी धावपळ होते. फेब्रुवारीतच दुपारी दार उघडणारं माणूस आणि जेवण ठरवून ठेवा. बाळ आजारी पडल्यावर कामावर कोण जाणार नाही, हे नवरा-बायकोने आळीपाळीने वाटून घ्या. दर वेळी आईचाच खाडा झाला तर मुकादम आधी तिचंच नाव गाळतो.

घरात ओआरएसची चार पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या कायम असू द्या. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण ओता, अर्धं पाकीट अर्ध्या लिटरला असा अंदाज करू नका. झिंक १४ दिवस द्यायचं: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यावरच्याला २०. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळ्या पूर्ण करा. बाळाचे डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही किंवा ते पिईनासं झालं, तर पाळी सुटण्याची वाट न बघता दवाखाना गाठा. यासाठी बाळ सांभाळणाऱ्याकडे रिक्षावाल्याचा नंबर, लशीचं कार्ड आणि थोडे सुटे पैसे एकाच पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला टांगलेले असावेत.