स्वमग्न मुलाच्या झोपेसाठी अ‍ॅप कसे वापरावे

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना झोपेच्या तक्रारी असतात. मोबाइलमधील झोपेचे अ‍ॅप अशा वेळी मदत करते, परंतु मोबाइल मुलाच्या हातात देऊन नव्हे. पडद्याच्या प्रकाशामुळे शरीरात मेलाटोनिन हे झोप आणणारे संप्रेरक तयार होण्यास उशीर होतो, म्हणून अंथरुणावर पडण्यापूर्वी तासभर आधी पडदा मुलाच्या नजरेआड जायला हवा.

चित्रांचे वेळापत्रक करता येईल आणि त्यात स्वतःचे फोटो घालता येतील, असे अ‍ॅप निवडावे. आयत्या चित्रांतील परका पलंग दाखवण्याऐवजी आपल्याच मोरीचा, मुलाच्या ब्रशचा आणि त्याच्या नेहमीच्या सोलापुरी चादरीचा फोटो घालावा, कारण यापुढे काय होणार हे नेमके कळले की मुलाची घालमेल कमी होते. चार-पाच फोटो पुरेत. क्रम सुट्टीच्या दिवशीही तोच ठेवावा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जाऊन उशीर होणार असेल, तर यात्रेचा फोटो सकाळीच वेळापत्रकात दाखवावा.

पडदा नजरेआड गेल्यावर उरतो तो केवळ आवाज. आपल्याकडे सोलापुरात अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते. अ‍ॅपमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असल्यास आईने किंवा आजीने घरच्याच भाषेत गोष्ट सांगावी आणि रोज तीच लावावी. शहराच्या पूर्व भागात शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट झोपेच्या आड येत असेल, तर पावसासारखा एकसुरी आवाज हळू लावता येतो, मात्र तो मुलाला रुचतो का हे आधी दिवसा पाहावे. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीची सवय झालेले मूल वीज जाताच, उकाड्याइतकेच त्या अचानक शांततेमुळेही, दचकून उठू शकते. तीच घरघर मोबाइलवर मुद्रित करून ठेवावी. आवाज आधीच डाउनलोड करावा, सूचना बंद ठेवाव्यात आणि मोबाइल अंथरुणापासून दूर, पालथा ठेवावा.

झोप लागल्याची वेळ दोन आठवडे वहीत लिहावी आणि एका वेळी एकच बदल करावा. मूल घोरत असेल, त्याला बद्धकोष्ठता किंवा फिट्स असतील, तर अ‍ॅपवर विसंबून न राहता ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे. मेलाटोनिनची गोळीही त्यांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.