सिक्युरिटीत एम.टेक. किंवा पीएच.डी. करताय? या चुका टाळा

दरवर्षी नवी बॅच येते. परभणी, हिंगोली, लातूर, बीड, कुठून कुठून लेकरं येतात. हुशार असतात, कष्टाला मागे हटत नाहीत. पण पहिल्या भेटीतलं वाक्य जवळपास सगळ्यांचं एकच असतं: "सर, मला सायबर सिक्युरिटीत करायचंय, मशीन लर्निंग वापरून." मी विचारतो, कोणापासून काय वाचवायचंय? तिथे गाडी थांबते. पुढच्या बऱ्याचशा चुका या एका न दिलेल्या उत्तरातून निघतात.

शत्रू न ठरवता उपाय शोधणे

गावात बँक मित्राकडे लोक अंगठा लावून पैसे काढतात. या व्यवहाराला ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा, एवढं पुरतं. आता यात शत्रू कोण? वाटेत माहिती चोरणारा? ठशाची नक्कल करणारा? की दोन हजार काढायला आलेल्या म्हातारीच्या खात्यातून पाच हजार काढून दोन हजारच हातावर टेकवणारा खुद्द ऑपरेटर? पहिल्यासाठी एन्क्रिप्शन आहे, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवणं. दुसऱ्यासाठी बोट खरं आहे की नकली, हे मशीनला ओळखता आलं पाहिजे, नाहीतर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं पाहिजे. तिसऱ्यापुढे हे दोन्ही उपाय चालत नाहीत. तिथे म्हातारीला वाचता येत नसलं तरी कानाने ऐकू येईल अशी पावती हवी. याला आपल्या विषयात थ्रेट मॉडेल म्हणतात. ते एका पानावर लिहून आणल्याशिवाय मी कोणाच्याही विषयावर सही करत नाही, आणि सिनॉप्सिसची तारीख जवळ आली म्हणून हे पान सोडूनही देत नाही.

९९ टक्क्यांच्या मागे धावणे

सगळ्यात जास्त त्रास मला या चुकीचा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी हिंगोली जिल्ह्यातला एक विद्यार्थी डेझर्टेशन घेऊन आला. नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणारी प्रणाली, अचूकता ९९.९ टक्के. प्री-सबमिशन सेमिनार तीन आठवड्यांवर होता, घरी पेढ्यांचं बोलणं झालेलं होतं. डेटा कोणता, तर केडीडी कप ९९, म्हणजे १९९९ च्या एका स्पर्धेसाठी दिलेला नेटवर्क कनेक्शनच्या नोंदींचा संच. मी त्याला शेजारी बसवलं आणि त्याच्याच लॅपटॉपवर सारख्या नोंदी काढून टाकायची एक ओळ चालवायला लावली. फाइल नेहमीची, मूळ संचाच्या दहा टक्क्यांची. नोंदी ४,९४,०२१. एंटर दाबल्यावर उरल्या १,४५,५८६. मग स्मर्फ नावाच्या हल्ल्याच्या नोंदी मोजल्या. आधी होत्या २,८०,७९०, आता ६४१. तो बराच वेळ नुसता स्क्रीनकडे बघत राहिला.

मोंढ्यात एकच कट्टा चार वेळा काट्यावर ठेवला म्हणून माल चौपट होत नाही. त्याने फाइलचे ट्रेनिंग आणि टेस्टिंग असे दोन भाग सरमिसळ करून पाडले होते. त्यामुळे जी नोंद शिकवली, तीच परीक्षेला आली. शिवाय त्या फाइलीत साध्या, निरुपद्रवी नोंदी ९७,२७८ आहेत, म्हणजे २० टक्क्यांच्या आतच. डोळे झाकून प्रत्येक नोंदीला "हल्ला" म्हणणारा प्रोग्राम लिहिला तरी ८० टक्के अचूकता मिळते.

खऱ्या नेटवर्कमध्ये चित्र उलटं असतं. समजा कॉलेजच्या नेटवर्कवर दिवसाला १० लाख कनेक्शन होतात आणि त्यांतले २० हल्ले आहेत. तुमची प्रणाली चांगल्या कनेक्शनपैकी फक्त १ टक्का चुकीने पकडते. तरी रोजचे १० हजार खोटे इशारे झाले. त्यात ते २० खरे शोधायला बसणार कोण? दुसऱ्याच दिवशी तो माणूस इशारे बंद करून ठेवील. म्हणून माझ्याकडे अचूकतेचा एकटा आकडा चालत नाही. खोटे इशारे किती, सुटलेले हल्ले किती, आणि हल्ल्याच्या प्रकारानुसार वेगळा तक्ता, हे तीन आधी दाखवायचे.

"सर, मग एनएसएल-केडीडी घेतो," हे उत्तर ठरलेलंच. २००९ साली आलेल्या त्या संचातून सारख्या नोंदी काढल्या आहेत, हे खरं. पण ट्रॅफिक तोच, १९९८ साली अमेरिकी हवाई दलाच्या नेटवर्कची नक्कल करून प्रयोगशाळेत तयार केलेला. स्मार्टफोन नाही, यूपीआय नाही, आजच्यासारखी सगळीकडे एन्क्रिप्शन असलेली वेब नाही. शिकायला, हात बसायला तो वापरा. त्याच्या जोरावर "आजच्या नेटवर्कसाठी उपयुक्त" असं निष्कर्षात लिहू नका.

ही फक्त आपल्याकडची चूक आहे असंही नाही. २०२२ च्या युझनिक्स सिक्युरिटी परिषदेत एक अभ्यास आला. मागच्या दहा वर्षांत नामांकित परिषदांत छापलेले, मशीन लर्निंग वापरणारे ३० पेपर त्यात तपासले होते. प्रत्येक पेपरमध्ये किमान तीन तरी ढोबळ चुका सापडल्या. तो पेपर फुकट मिळतो. माझ्याकडे येणाऱ्याने आधी तो वाचायचा.

त्या विद्यार्थ्याने सहा महिने वाढवून घेतले. सरमिसळ बंद केली आणि केडीडीची वेगळी टेस्ट फाइल वापरली. तिच्यात ट्रेनिंगमध्ये नसलेल्या प्रकारचेही हल्ले आहेत. अचूकता बरीच खाली आली. घरच्यांना ते समजावणं त्याला जड गेलं. पण व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी "कमी का?" विचारलं तेव्हा त्याने कोणते हल्ले सुटले, का सुटले, हे फळ्यावर पंधरा मिनिटं मांडलं. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

परवानगीशिवाय स्कॅनर लावणे

हॅकिंगची साधनं तयार मिळणारं काली लिनक्स मशीनवर टाकलं की चार दिवसांत हात शिवशिवायला लागतात. एका मुलाने "वेब ॲप्लिकेशनमधील त्रुटी" या विषयासाठी हॉस्टेलवर बसून एका संस्थेच्या चालू साइटवर स्कॅनर, म्हणजे त्रुटी शोधणारा प्रोग्राम, सोडला. त्यांची ऑनलाइन फॉर्म भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. स्कॅनरने फॉर्मच्या प्रत्येक रकान्यात वाटेल ते भरून शेकडो खोटे अर्ज पाठवले. तिसऱ्या दिवशी कॉलेजला पत्र आलं. त्याचे वडील सोयाबीनची काढणी टाकून पहाटेच्या एसटीने आले आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन दुपारपर्यंत बसून राहिले. समजुतीने प्रकरण मिटलं, पण ते मला आजही विसरता येत नाही.

कायदा नीट समजून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरणं, तिचं काम बिघडवणं यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागते. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलं तर कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "मी शिकत होतो" ही परवानगी होत नाही.

माझी पद्धत साधी आहे. सराव फक्त आपल्या मशीनवर. डीव्हीडब्ल्यूए, वेबगोट, ज्यूस शॉप हे मुद्दाम कच्चे ठेवलेले ॲप्लिकेशन फुकट मिळतात. ते व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे आपल्याच संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकात, टाकायचे आणि त्या मशीनचं नेटवर्क बाहेर जोडायचं नाही. खरी साइट तपासायचीच असेल तर लेखी पत्र हवं. त्यात कोणता पत्ता, कोणत्या तारखा, काय करणार आणि काय करणार नाही, सगळं लिहिलेलं असावं. फोनवरचं "हो, करा" मी धरत नाही. कुठे नकळत त्रुटी दिसलीच तर आत पाऊल न टाकता संस्थेला किंवा सर्ट-इनला (सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला) कळवायचं. स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवायचा नाही.

नाव काढलं म्हणजे माणूस लपला असं समजणे

प्रायव्हसीवर काम करणाऱ्यांची ही चूक. अमेरिकी संशोधक लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. आपल्याकडे दीड हजार वस्तीच्या गावात जन्मतारीखही लागत नाही. "वय ४२, विधवा, तीन एकर कोरडवाहू, मुलगा पुण्यात" एवढं वाचलं की कोणतीही शेजारीण नाव सांगेल.

एका विद्यार्थिनीचा विषय फार चांगला होता: ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत एकच फोन सगळे वापरतात, तिथे बाईला खासगीपणा कसा मिळतो? पण तिच्या गूगल फॉर्ममध्ये आधार क्रमांकाचा रकाना होता. का, तर "सगळ्या फॉर्मवर असतो सर." तो काढायला लावला. वयाच्या जागी वयोगट आला, गावाच्या जागी तालुका. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. ते प्रस्तावनेत उद्धृत करायचं आणि जोडलेल्या एक्सेल शीटमध्ये मोबाइल नंबर ठेवायचे, असं चालणार नाही. नैतिक समितीची मंजुरी मुलाखतींच्या आधी घ्यायची असते.

बाकीच्या, थोडक्यात

स्वतःचा एन्क्रिप्शन अल्गोरिदम पहिल्याच वर्षी काढू नका. एईएस हा आज सगळीकडे वापरला जाणारा अल्गोरिदम ठरवताना १५ प्रस्ताव आले होते आणि जगभरच्या जाणकारांनी ते काही वर्षं उघडपणे फोडून पाहिले. तुमचा अल्गोरिदम फक्त तुम्ही दोघा मित्रांनी तपासलेला असतो.

पैसे भरून आठ दिवसांत छापणाऱ्या जर्नलच्या नादी लागू नका. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम काय, ते पीएच.डी. विभागात जाऊन वाचा, सिनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका.

पेपर वाचायचे तर युझनिक्स आणि एनडीएसएस या सिक्युरिटी परिषदांचे थेट त्यांच्या साइटवर मोफत आहेत. आठवड्याला एकच वाचा, पण वहीत तीन ओळी लिहा: शत्रू कोण, त्याच्या हातात काय, लेखकांनी काय गृहीत धरलं. इंग्रजी अडलं तर मराठीत लिहा, मी मराठीतली वही तपासतो.

दुसऱ्याचे परिच्छेद शब्द बदलणाऱ्या टूलमधून काढू नका. "सेन्सिटिव्ह डेटा"चा "हळवी माहिती" छापाचा इंग्रजी अवतार मी पहिल्या पानावर ओळखतो.

प्रयोगाचा कोड, डेटा आणि कोणत्या तारखेला काय चालवलं याची नोंद दोन ठिकाणी ठेवा. पेन ड्राइव्ह हे त्यांतलं एक ठिकाण धरू नका.

आणि गाइडकडे येताना "चालू आहे सर" घेऊन येऊ नका. बिघडलेला आलेख आणा, न चाललेली कमांड आणा, तिने दिलेला एरर जसाच्या तसा आणा. सोमवारी चारनंतर मी लॅबमध्येच असतो.