सायबर सिक्युरिटीत अप्रेंटिस म्हणून लागताय? या चुका टाळा

सही करण्याआधी करारात ट्रेड (शिकायच्या कामाचा प्रकार) कोणता लिहिलाय ते बघा. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या बऱ्याच कारखान्यांत आयटी विभाग म्हणजे दोन-तीन माणसं. तिथे ‘सिक्युरिटी’साठी म्हणून घेतलेला मुलगा वर्षभर प्रिंटर जोडत बसू शकतो, आणि करारात डेटा एंट्रीचा ट्रेड असेल तर प्रमाणपत्रही डेटा एंट्रीचंच हातात पडतं. करार नॅप्स किंवा नॅट्स या सरकारी अप्रेंटिसशिप योजनांच्या पोर्टलवर नोंदलेला हवा आणि स्टायपेंड मिळायला हवा. ‘अप्रेंटिसशिप लावून देतो’ म्हणत कुणी तुमच्याकडूनच फी मागत असेल, तर तो क्लास विकतोय. वर्ष संपल्यावर कंपनीने कायम करायलाच हवं असं १९६१ चा अप्रेंटिस कायदा सांगत नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

स्टायपेंडमधला सरकारी हिस्सा आला नाही, तर एचआरशी भांडण्याआधी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते तपासा. शिष्यवृत्तीच्या वेळी उघडलेल्या जुन्या खात्यात पैसे निवांत पडलेले असतात.

आता अभ्यासाकडे. बहुतेक मुलं काली लिनक्सपासून, म्हणजे हल्ल्याची टूल्स भरलेल्या सिस्टिमपासून सुरुवात करतात. पण सुरुवातीची कामं बहुधा एसओसीची (सुरक्षेवर पाळत ठेवणाऱ्या कक्षाची), म्हणजे लॉग, यंत्रांनी केलेल्या नोंदी, वाचायची. त्यामुळे नेटवर्क कसं चालतं ते (टीसीपी-आयपी, डीएनएस) आणि विंडोजचे इव्हेंट आधी. हल्ल्याची टूल्स नंतर.

घरच्या लॅबला १६ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो: वाझूचा (लॉग गोळा करून अलर्ट देणाऱ्या मोफत टूलचा) सर्व्हर ८ जीबीवर, विंडोजचं एक मशीन ४ जीबीवर. इथे हमखास अडतं ते नेटवर्कवर. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एकाच लॅपटॉपवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन्ही मशीन ‘नॅट’वर ठेवली की दोघांनाही १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो आणि ती एकमेकांना दिसतच नाहीत. दोघांनाही ‘होस्ट-ओन्ली’चं (लॅपटॉपच्या आतच राहणाऱ्या नेटवर्कचं) दुसरं कार्ड द्या. तरी एजंट (विंडोजवरून वाझूला लॉग पाठवणारा प्रोग्रॅम) दिसत नसेल तर सर्व्हरचे १५१४ आणि १५१५ हे पोर्ट उघडे आहेत का बघा. एजंट नोंदवला जातो १५१५ वर, लॉग जातात १५१४ वर. ‘ब्रिज’ मोडवर मात्र स्कॅनर चालवू नका. तो कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या खऱ्या नेटवर्कवर फिरतो, आणि परवानगी नसताना असं काही केलंत तर आयटी कायद्याचं कलम ६६ मागे लागू शकतं.

कामावर पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त गोंधळ घालते ती वेळ. अलर्टवर २०:४७ लिहिलंय म्हणून नवखा माणूस सर्व्हरवर रात्री पावणेनऊचे लॉग शोधतो आणि ‘काहीच सापडलं नाही’ लिहून मोकळा होतो. अलर्ट बऱ्याचदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतो. साडेपाच तास मिळवा: घटना रात्री २:१७ ची, आणि तारीखही पुढची.

दुसरा गोंधळ विंडोजच्या ४६२५ क्रमांकाच्या इव्हेंटचा, म्हणजे फसलेल्या लॉगिनचा. ओळीने पन्नास दिसले की ‘ब्रूट फोर्स’ (पासवर्ड एकामागून एक लावून बघणं) म्हणायची घाई होते. खातं एकच, मशीन एकच आणि अंतर अगदी ठरावीक असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी पासवर्ड बदललाय आणि एखाद्या शेड्यूल्ड टास्कमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) जुनाच राहिलाय. एकाच पत्त्यावरून वीस वेगवेगळी खाती ठोठावली जात असतील तर प्रकरण वेगळं. लॉगॉन टाइप ३ (नेटवर्कवरून लॉगिन) दिसला म्हणून आरडीपी (दुरून विंडोजचा डेस्कटॉप वापरणं, एरवी टाइप १०) नाही असंही धरू नका; एनएलए (डेस्कटॉप उघडण्याआधीच होणारी ओळख-पडताळणी) चालू असेल तर फसलेलं आरडीपी लॉगिन ३ म्हणूनच नोंदतं, १० म्हणून नाही. आणि त्याच पत्त्यावरून पाठोपाठ ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन आला, तर आत कुणीतरी शिरलेलं असू शकतं. तिथे स्वतः तपास करत बसू नका, लगेच सीनियरला फोन करा. ठरावीक प्रकारच्या घटना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवाव्या लागतात आणि ते घड्याळ घटना लक्षात आल्यापासून चालतं.

तिकीट (अलर्टच्या तपासाची नोंद) बंद करताना नुसतं ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ (खोटा इशारा) लिहिणं ही नोकरी अडवणारी सवय. असं लिहा: ‘एसव्हीसी-बॅकअप खातं, दर १५ मिनिटांनी ४६२५, स्रोत फाइल सर्व्हर, काल संध्याकाळी पासवर्ड बदलल्याचं अ‍ॅडमिनने सांगितलं, टास्क दुरुस्त केल्यावर तासभर नवा इव्हेंट नाही.’ रात्रपाळीचा माणूस हे वाचून तुम्हाला न उठवता पुढचं काम करू शकतो.