वयात येणाऱ्या मुलांचा आत्मविश्वास: घरच्यांनी या चुका टाळा

दहावीतल्या मुलाला घटक चाचणीत 25 पैकी 11 मिळतात. त्याच संध्याकाळी मावशी आलेली असते. पोह्यांवर तर्री वाढता वाढता आई म्हणते, "याचं काही खरं नाही बाप्पा. शेजारच्या पोट्टीनं 22 आणले." मुलगा हसतो. सगळ्यांना वाटतं, यानं काही मनावर घेतलं नाही. ते हसू लाज झाकायचं असतं. पुढचा पेपर दप्तराच्या तळाशी जातो, वर्गात शंका विचारणं बंद होतं, पाहुणे आले की खोलीचं दार लागतं. मग महिन्याभरानं तक्रार सुरू होते, "आजकाल हा बोलतच नाही."

चारचौघांत तुलना ही सगळ्यात महागात पडणारी चूक. या वयात दुसऱ्यांच्या नजरेत आपण कसे दिसतो, याचीच धास्ती मोठी असते. पाहुणे गेल्यावर, जेवणं उरकल्यावर वीस मिनिटं पेपर घेऊन बसा. पेन मुलाच्या हातात द्या. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे त्यानंच लिहावं: समजलं नव्हतं, येत होतं पण गडबड झाली, की वेळ पुरला नाही. त्या रात्री न समजलेला एकच प्रश्न सोडवा. सगळा पेपर एका बैठकीत संपवायची घाई केलीत, तर पुढच्या वेळी पेपर तुमच्यापर्यंत येणारच नाही.

"तू हुशारच आहेस" हेही जपून बोला. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. हुशारीचं कौतुक झालेली मुलं अवघड कोडी चुकल्यावर लवकर कंटाळली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. म्हणून नेमकं काय जमलं ते सांगा: "आकृती आधी काढलीस, म्हणून गणित सुटलं."

रंग, वजन, मुरुमं यांवर थट्टा नको. लाडानंही नको.

मित्रांना "वाया गेलेले पोट्टे" म्हणू नका. मुलगा त्यांची बाजू घेतो आणि तुम्हाला सांगणं सोडतो. त्यांना घरी बोलवा, खाऊपिऊ घाला, बघा. नंतर एकच विचारा: "थट्टा बंद करा म्हटलं, तर ते थांबतात का?" थांबत नसतील, तर शाळेबाहेरचा दुसरा गट जोडून द्या: मैदान, ढोल पथक, चित्रकलेचा वर्ग.

आठ दिवसांच्या शिबिरानं आत्मविश्वास येत नाही. मार्चमध्ये कूलर काढाल, तेव्हा त्याच्या बाजूच्या गवताच्या ताट्या बदलायचं काम पूर्ण त्याच्यावर सोपवा. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून काय आणायचं तेही त्यानंच ठरवावं. ताटी वाकडी बसली तरी हात घालू नका.

दोन आठवडे झोप, भूक आणि मित्र तिन्ही सुटले असतील, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं एकदा जरी कानावर आलं, तर समजावत बसू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. लगेच फोन लावा आणि त्याला एकटं सोडू नका.